विमान शिकायला परदेशी जाताय? पैसे भरण्यापूर्वी हे वाचा!



गेल्या आठवड्याच्या टपालात एक जाड पाकीट आले. आत दोन पानी पत्र आणि एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक. त्यावर निळे आकाश, पांढरे विमान आणि हसणारी तरुण मुले. पत्र लिहिणारे बंधू एका कारखान्यात फिटर आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. ते लिहितात :

"ताई, मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होती. तिला पायलट व्हायचे आहे. एका एजंटाने अमेरिकेतील एका विमानशाळेचे हे पत्रक दिले. दोन महिन्यांत खाजगी वैमानिकाचा परवाना, एकूण चौदा लाख, सगळे आगाऊ. दहा दिवसांत भरले तर पन्नास हजारांची सूट. फंडातून काढावे म्हणतो. मुलीची आई म्हणते, आधी ताईंना विचारा. ही शाळा धरावी की दुसरी? आपण सांगाल तसे करू."

शेवटचे वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही. चौदा लाख म्हणजे एका कामगाराने तीस वर्षे घाम गाळून जमवलेली पुंजी. म्हणून या वेळचे सदर या एकाच प्रश्नाला दिले आहे. अशी पत्रके आता आपल्या वस्त्यांतही पोचू लागली आहेत. तेव्हा हे उत्तर एकट्या या कुटुंबासाठी नाही.

बंधू, आधी वहिनींना माझा जयभीम सांगा. त्यांनी अगदी योग्य वेळी तुमचा हात धरला.

खाजगी परवाना म्हणजे नोकरी नव्हे

पत्रकात ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत आहे तो खाजगी वैमानिकाचा परवाना, म्हणजे पी.पी.एल. हा मिळाला की लहान विमान स्वतः चालवता येते. घरच्यांना, मित्रांना बरोबर बसवता येते. पण विमान चालवण्याबद्दल पगार घेता येत नाही, भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. हा नियम अमेरिकेत आहे, तसाच भारतातही आहे. घरची गाडी चालवण्याचे लायसन्स आणि टॅक्सीवाल्याचा बॅज यांत जो फरक, तोच इथे.

पगाराची नोकरी हवी तर व्यावसायिक परवाना लागतो, त्याला सी.पी.एल. म्हणतात. आपल्या देशात त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित, किमान २०० तासांचे उड्डाण, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डी.जी.सी.ए.) पेपर आणि पहिल्या वर्गाचा वैद्यकीय दाखला लागतो. एवढे झाल्यावरही मोठे प्रवासी विमान हाती येण्यासाठी त्या त्या विमानाचे वेगळे, महागडे प्रशिक्षण असते. परदेशी परवाना दाखवून भारतात नोंदलेले विमान थेट चालवता येत नाही. इथले पेपर, इथला वैद्यकीय दाखला आणि कागदपत्रांची पडताळणी यांतून जावेच लागते.

म्हणजे चौदा लाख देऊन जिन्याची पहिली पायरी मिळेल, वरचा मजला नव्हे. पायरी खोटी नाही. परदेशात केलेले तास व्यवस्थित नोंदलेले असतील तर पुढे व्यावसायिक परवान्यासाठी ते उपयोगी पडतात. पण पुढच्या पायऱ्यांना पैसा कुठून येणार, याचा हिशेब आजच मांडायला हवा. एजंट तो मांडून देणार नाही.

आधी डॉक्टर, मग शाळा

शाळा निवडण्याच्याही आधी एक काम आहे. ते इथेच, कमी खर्चात होते. मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. खाजगी परवान्याला आपल्याकडे दुसऱ्या वर्गाचा दाखला चालतो, नोकरीच्या वाटेला पहिल्या वर्गाचा लागतो. डी.जी.सी.ए.ने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच ही तपासणी होते. आधी दुसरा वर्ग, मग पहिला. चष्मा आहे म्हणून वाट बंद होत नाही. पण रंग ओळखण्यात दोष असेल, हृदयाचा किंवा कानाचा काही विकार असेल, तर तो चौदा लाख भरल्यावर नव्हे, आधी कळला पाहिजे. नोकरीचाच विचार असेल तर पहिल्या वर्गाचा दाखला हाती येईपर्यंत एक रुपयाही परदेशी पाठवू नका.

तासांचा हिशेब

विमानशाळेची फी वर्षावर नसते, तासावर असते. खाजगी परवान्यासाठी अमेरिकेत किमान ४० तास लागतात, काही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत ३५. ब्रिटन आणि कॅनडात ४५, न्यूझीलंडमध्ये ५०. पत्रकातली रक्कम बहुधा या किमान आकड्यावर काढलेली असते. प्रत्यक्षात किमान तासांत परवाना मिळवणारे थोडे. अमेरिकेत बहुतेकांना ६० ते ७० तास लागतात.

समजा विमान आणि शिक्षक मिळून तासाला २४० डॉलर पडतात. ४० तासांचे झाले ९,६०० डॉलर. ६५ तासांचे होतात १५,६००. फरक ६,००० डॉलरचा, म्हणजे पाच लाख रुपयांहून जास्त. हे पाच लाख पत्रकात नसतात. अनोळखी देशात, अर्ध्या अभ्यासक्रमात, मुलीचा फोन येतो तेव्हा ते उभे राहतात.

तास मोजतात कसे, तेही समजून घ्या. पुष्कळ शाळांच्या विमानांत हॉब्ज मीटर नावाचे घड्याळ असते. इंजिन सुरू झाले की ते चालू होते. विमानतळ गजबजलेला असेल, धावपट्टीपाशी रांगेत पंधरा मिनिटे थांबावे लागले, तरी मीटर पळतच असतो. सिग्नलला थांबलेल्या रिक्षासारखेच. म्हणून दूरचा, शांत पण नियंत्रण कक्ष असलेला विमानतळ विद्यार्थ्याच्या खिशाला बरा. भाड्यात पेट्रोल धरले आहे की नाही, हेही विचारायचे. पेट्रोलसह दराला तिकडे 'वेट' म्हणतात, पेट्रोलविना दराला 'ड्राय'. स्वस्त दिसणारा दर पुष्कळदा 'ड्राय' निघतो.

एका मुलाची गोष्ट

आमच्या वस्तीतला एक मुलगा काही वर्षांपूर्वी असाच गेला. देशाचे व शाळेचे नाव लिहीत नाही. घरच्यांनी गावची जमीन गहाण ठेवून सगळी फी आगाऊ भरली. तिथे गेल्यावर कळले, कागदावर विमाने सहा, उडण्याजोगी दोन. विद्यार्थी तीस. आठवड्यातून एकदा पाळी यायची, त्या दिवशी ढग आले की तीही जायची. नवशिक्याचा हात असा असतो की आठ-दहा दिवसांचा खंड पडला, तर मागचा धडा पुन्हा गिरवावा लागतो. त्या धड्याचे पैसेही पुन्हा. त्यात दोन वेळा शिक्षक बदलले. आठ महिन्यांत ४८ तास झाले, व्हिसा संपला आणि परीक्षा राहून गेली.

तो परत आला त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते. तो आईसमोर बसून लॉगबुकाची पाने उलटत होता. आईला वाचता येत नव्हते. तिने एवढेच विचारले, "यातले कुठले पान दाखवले म्हणजे जमीन सुटेल?"

मुलगा हुशार होता, मेहनती होता. चूक झाली ती शाळा निवडताना आणि पैसे एकदम देताना.

विमाने आणि शिक्षक मोजा

म्हणून शाळेची इमारत पाहू नका, विमाने मोजा. आज उडण्याजोगी किती, दुरुस्तीला किती, विद्यार्थी किती? शिकण्यासाठी साधे, दणकट विमान उत्तम. सेस्ना १७२ हे चार आसनी विमान १९५६ पासून विकले जाते आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनले आहे. जुने विमान म्हणजे वाईट विमान असे नाही. दुरुस्ती शाळेच्या आवारातच होते की बाहेरच्या मेकॅनिकची वाट पाहावी लागते, हा खरा प्रश्न.

शिक्षकांचे एक गुपित आहे. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी कंपनीच्या वैमानिकाला साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव सक्तीचा आहे. तो जमवण्यासाठी पुष्कळ तरुण वैमानिक विमानशाळेत शिकवतात. तास भरले की मोठ्या कंपनीत जातात. यात त्यांचा दोष नाही. पण आपल्या मुलीचा शिक्षक अर्ध्यावर गेला तर काय, हे शाळेला आधीच विचारा. एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत, तेही विचारा.

परवाना शाळा देत नाही, सरकार देते. अमेरिकेत फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची (एफ.ए.ए.) लेखी परीक्षा असते. ६० प्रश्न, ७० टक्क्यांना पास. मग नेमलेला परीक्षक तोंडी परीक्षा घेतो आणि विमानात बसून उड्डाणाची परीक्षा घेतो. त्याची फी वेगळी असते आणि पुष्कळ ठिकाणी त्याची तारीख मिळायला आठवडे जातात. "हमखास परवाना" म्हणणारी शाळा आपल्या हातात नसलेली वस्तू विकते आहे.

महिना पाहून देश निवडा

नवशिक्याला उघडे, स्वच्छ आकाश लागते. जुलैत कोकणात कपडे वाळत घालणे आणि पावसाळी प्रदेशात विमान शिकणे सारखेच. फ्लोरिडा राज्यात विमानशाळा पुष्कळ आहेत, कारण जमीन सपाट आणि थंडी सौम्य. पण जून ते सप्टेंबर तिथे दुपार झाली की गडगडाटी वादळे उठतात. अ‍ॅरिझोनात ऊन भरपूर, पण उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते. म्हणून तिथे पहाटे उडतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात दिवस लहान आणि ढग खाली. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंच आहे. तिथेही हवा विरळ, आणि त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या थंडीच्या दिवसांत, दुपारी वादळे. कोणताच देश बारा महिने चांगला नाही. आपली मुलगी ज्या महिन्यांत जाणार, त्या महिन्यांत विद्यार्थी आठवड्याला किती दिवस उडतात, हे विचारायचे.

व्हिसा चुकला तर सगळे चुकले

पर्यटक व्हिसावर जाऊन अमेरिकेत परवान्याचा अभ्यासक्रम करता येत नाही. "आधी जा, मग बघू" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. विमानशाळेच्या विद्यार्थ्याला साधारणपणे एम-१ व्हिसा लागतो. त्यासाठी परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी मान्यता असलेली शाळाच आय-२० नावाचा फॉर्म देऊ शकते. ही मान्यता अमेरिकन सरकारच्या यादीत स्वतः तपासता येते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांची सुरक्षा तपासणीही होते, बोटांचे ठसे घेतात. ती झाल्याशिवाय उड्डाण सुरू होत नाही.

आणखी दोन गोष्टी आपल्यासारख्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या. एम-१ व्हिसावर शिकताना नोकरी करता येत नाही, हॉटेलात भांडी घासून फी भरू हा विचार सोडा. आणि सहा महिने उलटल्यावर शाळा बदलणे फार अवघड असते. चुकीची शाळा निवडली तर दुसरे दार सहज उघडत नाही.

एकदम पैसे देऊ नका

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. अमेरिकेत सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची मोठी शाळा होती. विद्यार्थी कर्ज काढून सुमारे ७० हजार डॉलर भरत. फेब्रुवारी २००८ मध्ये ती एकाएकी बंद पडली, दिवाळे निघाले. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी कर्ज डोक्यावर घेऊन रस्त्यावर आले. स्कॉटलंडमधील डंडी येथील टेसाइड एव्हिएशन ही जुनी, नावाजलेली शाळा एप्रिल २०२३ मध्ये बंद पडली. तिथेही आगाऊ भरलेल्यांचे पैसे अडकले. म्हणजे शाळा मोठी आहे, जुनी आहे, हे पुरेसे नाही. विमान भाड्याचा धंदा खर्चिक, आजचे दार उद्या बंद होऊ शकते.

किराणा आपण महिन्याचा भरतो, वर्षाचा भरत नाही. तसेच इथे. थोडी अनामत, मग पाच-दहा तासांचे पैसे, ते उडून झाले की पुढचे. शाळा सोडली तर उरलेली रक्कम किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या. करार वकिलाला किंवा इंग्रजी चांगले जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय सही नको. पैसे शाळेच्याच खात्यात, बँकेमार्फत. एजंटाच्या हातात रोख कधीही नाही.

मुलगी एकटी जाणार

वहिनींना ही काळजी असणारच. मुलगी आहे म्हणून अडवू नका. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्त्याहून सिलचरला फॉकर विमान नेले. त्या उड्डाणात सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. पण प्रश्न विचारा. अमेरिकेतील लहान विमानतळ गावाबाहेर असतात, तिथे आपल्यासारखी एस.टी. धावत नाही. राहण्याची जागा किती दूर? ये-जा कशाने? आरोग्य विमा आहे का? तिकडे साधे हाड मोडले तरी बिल लाखांत जाते. तिथे सध्या शिकत असलेल्या दोन-तीन भारतीय विद्यार्थ्यांशी मुलीला स्वतः बोलू द्या. शाळेने निवडून दिलेल्यांशी नव्हे, तिने शोधलेल्यांशी.

मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीला घाबरू नये. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे ठरावीक शब्दांत होते. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरांची नावे आणि ती ठरलेली वाक्ये घरी बसून पाठ होतात. मात्र रेडिओवरचे भरभर इंग्रजी ऐकायची सवय जाण्यापूर्वीच केली पाहिजे. कान तयार नसला तर तोही धडा तासाच्या दराने शिकावा लागतो.

शिष्यवृत्तीचे काय?

पुष्कळांचा समज आहे की परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती यालाही मिळेल. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे, खाजगी वैमानिक परवान्यासाठी नाही. देशात व्यावसायिक परवान्याचा अभ्यासक्रम केला तर अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजनेत त्याचा समावेश आहे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाखांची आहे, हे लक्षात घ्यावे. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी या सरकारी संस्थेत प्रवेशाला राखीव जागा आहेत. आपल्याच गोंदियातही विमान प्रशिक्षणाची मोठी संस्था आहे. आधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा. परदेश हा एकच रस्ता नाही.

शाळेला विचारायचे आठ प्रश्न

हे कात्रण कापून ठेवा. उत्तरे लेखी मागा. फोनवरचे "हो हो" चालणार नाही.

१. परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी मान्यता आहे का? तिचा पुरावा काय?
२. उडण्याजोगी विमाने किती, विद्यार्थी किती, शिक्षक किती?
३. गेल्या वर्षी परवाना मिळालेल्यांना सरासरी किती तास आणि किती महिने लागले?
४. तासाचा दर पेट्रोलसह आहे का? जमिनीवरचा अभ्यास, पुस्तके, परीक्षक, विमा यांचे वेगळे किती?
५. आम्ही येणार त्या महिन्यांत आठवड्याला किती दिवस उड्डाण होते?
६. परीक्षकाची तारीख मिळायला किती दिवस लागतात?
७. शिक्षक मध्येच गेला, विमान बिघडले तर काय व्यवस्था?
८. पैसे तुकड्यातुकड्यांत भरता येतील का? उरलेले परत किती दिवसांत?

जी शाळा या आठांची सरळ उत्तरे देईल, ती पुढच्या विचाराला घ्या. जी दहा दिवसांची मुदत पुढे करील, ती सोडा. चांगल्या शाळेचे दार अकराव्या दिवशीही उघडे असते.

बंधू, तुम्ही लिहिलेत, "आपण सांगाल तसे करू." मी सांगते ते एवढेच. या दहा दिवसांत काहीही भरू नका. मुलीची तपासणी करा. डी.जी.सी.ए.चे पेपर इथे, घरी राहून देता येतात, त्यांच्या अभ्यासाला तिला बसवा. नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्राची पुस्तके सहा महिने झेपली, आवडली, तर तिची ओढ खरी. मग सगळ्या जिन्याचा खर्च एका कागदावर मांडा. फंडाचा किती भाग गेला तरी तुमचे म्हातारपण आणि धाकट्यांचे शिक्षण उभे राहते, ते आधी ठरवा. त्याच्या पुढे एक पैसा नाही. एवढे करून शाळा निवडलीत तर ती देशातली असो की परदेशातली, तुम्ही फसणार नाही.

मुलीला सांगा, तिचे स्वप्न मोठे आहे म्हणून मी थांबवत नाही. मोठे आहे म्हणूनच घाई नको म्हणते. तपासणीचा निकाल आला की मला तिनेच पत्र लिहावे. मी वाट पाहीन.